सॅम्पल फ्लॅटमधली आत्या

आमच्या बावीस मजली इमारतीचा एकच फ्लॅट बांधून झाला होता, आणि तोही खोटा.

समुद्राकाठच्या त्या मोकळ्या जागेला बिल्डर कंपनीने आधी पत्र्याचं कुंपण घातलं, मग गिऱ्हाइकांसाठी एक सॅम्पल फ्लॅट उभा केला आणि तो दाखवायला मला ठेवलं. नळाला पाणी नव्हतं. फ्रीज प्लायवूडचा होता. बेडरूमच्या खिडकीत बाविसाव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र होता, म्हणजे समुद्राचा फोटो, मागे ट्यूबलाइट लावलेला. खरा समुद्र भिंतीपलीकडे साठ पावलांवर होता, पण कुंपणामुळे दिसत नसे, नुसता ऐकू येई. हा आवाजही फ्लॅटबरोबर मिळणार का, असं एकाने विचारलं तेव्हा मी बिनदिक्कत हो म्हणून मोकळी झाले.

इमारत वर का चढत नाही याचं कारण माझ्या घरातलंच होतं. ती जागा माझ्या आजोबांची. त्यांच्यामागे ती बाबा आणि आत्या अशा दोघांच्या नावावर झाली. बाबांनी ती कंपनीला द्यायचं कबूल केलं, कागदावर स्वतःची सही ठोकली आणि बहिणीच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "ती माझ्या शब्दाबाहेर नाही. आणून देतो सही." त्याच सौद्यात त्यांनी मला नोकरीही लावून दिली. मग मात्र आत्याकडे जायला काही त्यांचे पाय वळेनात. आज जातो, उद्या जातो. आत्या त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. अख्ख्या जगात बाबा घाबरतात ते फक्त तिला. शेवटी आत्याला कळलं ते रस्त्यावरच्या बोर्डावरून. तिने कोर्टातून स्थगिती आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती माझ्यासमोर चपला काढून उभी.

"फ्लॅट बघायचाय," ती म्हणाली.

"आत्या, तू इथे कशी?"

"गिऱ्हाईक आहे मी. बाईंना पाणी वगैरे विचारायची पद्धत नाही का तुमच्यात?"

आत्या कपडे शिवते. चाळीस वर्षं तिच्या गळ्यात टेप आहे, आणि समोर काहीही आलं की ते मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. बेडरूममध्ये शिरली, पलंगाला टेप लावली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"पाच फूट दोन इंच. कोण झोपणार यावर?"

मी पलंगावरची चादर सारखी केली. सॅम्पल फ्लॅटमधलं सगळं सामान मुद्दाम आखूड बनवतात, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. आत्याने सोफा मोजला, जेवणाचं टेबल मोजलं, खोल्यांना दारं का नाहीत तेही विचारलं. मग हॉलमधल्या आखूड सोफ्यावर बसून पिशवीतून एक ब्लाउज काढला आणि काजं करायला घेतली. संध्याकाळी सहाला उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दहाला हजर.

आमच्या मॅनेजरना आम्ही 'लवकरच' म्हणायचो, कारण ते कुठल्याही प्रश्नाला तेवढंच उत्तर देत. त्यांचा नुसता तिळपापड झाला. पण करतात काय? वकिलाने बजावलं होतं, बाईंना त्यांच्याच जमिनीवरून हाकललंत तर कोर्टात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आत्या बसून असायची तोवर ठीक होतं, पण तिला गप्प कुठे बसवतंय. तिसऱ्या दिवशी एक जोडपं आलं, नवरा चांगला सहा फुटी. मी मास्टर बेडरूमचं कौतुक रंगात येऊन सांगत होते, एवढ्यात हॉलमधून आवाज आला, "पलंगावर जरा आडवं होऊन बघा हो." तो बिचारा आडवा झाला आणि पोटऱ्यांपासून खालचा भाग खोलीच्या मधोमध लोंबकळला. बायको हसत सुटली. जाताना दोघांनी आत्याचा नंबर घेतला, पडदे शिवून घ्यायला. पुढच्या दोन दिवसांत गिऱ्हाइकं वाढली, पण ती दारातूनच विचारायची, "टेपवाल्या बाई आहेत का?" माझ्यावर मात्र कुणाचा काडीइतकाही विश्वास उरला नव्हता. मला रागही येत होता आणि दुपारी तिच्याशेजारी बसून डबा खाताना बरंही वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

सहाव्या दिवशी 'लवकरच' स्वतः तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "मावशी, तुम्हाला हवंय तरी काय? बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट तुमच्या नावावर करतो."

"मला कुणी विचारलं नाही," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली.

"मी विचारतोय ना आता."

"तुम्ही कोण? जमीन माझी आणि माझ्या भावाची. विचारायचं त्याने."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. मला बाहेर नेऊन म्हणाले, "एवढंच? म्हातारी रुसलीय नुसती. आण तुझ्या बाबांना. सही झाली तर इमारत उभी राहील आणि तुझी नोकरीही. नाहीतर दोन्ही नाही." मलाही तेच वाटलं. रुसलेल्या माणसाची एकदा समजूत काढली की संपलं.

घरी जाऊन मी बाबांच्या मागे हात धुऊन लागले. "बाबा, एक वाक्य म्हणायचंय. 'ताई, जागा विकू का?' बस."

"तिला सांग ना तूच, की मी विचारलंय म्हणून."

"बाबा."

दोन दिवस त्यांनी पाठदुखीपासून गुडघ्यापर्यंत सगळी कारणं वापरून बघितली. आठव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. 'लवकरच'नी टेबलावर कागद मांडून ठेवले होते, पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं. आत्याने वर पाहिलं. बाबा तिच्याशेजारी त्या आखूड सोफ्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे तेवढे बाकी राहिले.

"बारीक झालास," आत्या म्हणाली.

"तू पण."

भिंतीपलीकडून समुद्र ऐकू येत होता. बाबांनी दोनदा घसा साफ केला.

"ताई," ते म्हणाले, "आपली जागा... मी विकू का? तुला चालेल का?"

आत्याचे डोळे भरून आले. तिने हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे टिपले. साहेबांनी पेन पुढे सरकवलं.

"विचारलंस, फार बरं वाटलं," आत्या म्हणाली. "नाही."

"नाही म्हणजे?" 'लवकरच' म्हणाले.

"नाही म्हणजे नाही. विकायची नाही."

बाबांचा चेहरा पडला. "ताई, मग आठ दिवस इथे कशाला बसलीस? पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

"कुणाला सांगणार? तू विचारायलाच आला नाहीस. न विचारलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"अगं पण कारण तरी सांग."

"तू विकायला काढलीस तेव्हा मला सांगितलंस कारण?" तिने पिशवी भरायला घेतली. टेप गुंडाळून वर ठेवली. "रविवारी मी घरीच असते. परत विचारावंसं वाटलं तर ये."

बाबांना वाटलं, यात काहीतरी आशा आहे. साहेबांनाही वाटलं. म्हणून बाबा रविवारी गेले. तिने चहा केला, त्यांनी विचारलं, ती नाही म्हणाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दोन महिन्यांनी कंपनीने गाशा गुंडाळला. सॅम्पल फ्लॅट तोडला, कुंपण काढलं, 'लवकरच' दुसऱ्या किनाऱ्यावर गेले आणि माझी नोकरी गेली. आता मी एका फर्निचरच्या दुकानात आहे, तिथे पलंग पूर्ण लांबीचे असतात.

आता ती जागा विकत मागायला कुणी येत नाही. पण बाबा अजून दर रविवारी शर्ट इस्त्री करून विचारायला जातात. दुपारचं जेवण तिथेच होतं, मग दोघं भांडतात, मग संध्याकाळी उशिरा ते घरी येतात आणि मी विचारलं की म्हणतात, "नाहीच म्हणाली."

गेल्या रविवारी त्यांना ताप होता. पांघरूण घेऊन पडून होते, घड्याळाकडे बघत. साडेचारला दाराची बेल वाजली. आत्या होती, जिना चढून धापा टाकत. मला काही बोलू न देता सरळ त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आज विचारलं नाहीस," ती म्हणाली.

बाबांनी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. "विकू का, ताई?"

"नाही," म्हणाली, आणि आत जाऊन तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला.