ठेंगणं दार

निळा ठिपका लागला की ती डबी बोलणार... कोनाड्यात, जिथे गेल्या महिन्यापर्यंत विमलाबाईंचा किल्ल्यांचा जुडगा असायचा, तिथे आता नारळाच्या करवंटीएवढी पांढरी डबी, आणि दाराला आकड्यांचं कुलूप. भाड्यानं राहायला येणाऱ्या पाहुण्यांनी मोबाइलवर आलेले आकडे दाबायचे आणि आत यायचं. मनोरीच्या या तीन खोल्यांच्या कौलारू घरात विमलाबाई आहेत की नाहीत, हे कुणाला कळायचं कारणच उरलं नव्हतं.

ठिपका लागला. दारात मुलुंडहून आलेली मधुवंती, खांद्यावर बॅग.

"मी विमला," डबी म्हणाली. "वाकून या हं. पाहुण्यानं नम्र होऊन घरात यावं, म्हणून आमच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वी हे दार ठेंगणं ठेवलं."

स्वयंपाकघरात विळीवरचा हात थांबला. आवाज त्यांचाच. 'हं'सुद्धा त्यांचाच.

दोनशे वर्षं! पूर्वज! — अहो, सासऱ्यांनी बांधलं हे घर, त्यांची होडी खडकावर फुटली त्या वर्षी. त्याच फळ्यांची चौकट केली, फुटक्या फळ्या आखूड पडल्या, म्हणून दार ठेंगणं. खिळ्यांची भोकं आहेत अजून. त्या होडीवर माझे थोरले दीर होते, नंदू, ते परत आले नाहीत... आणि मी चाळीस वर्षं येईल त्याला हे सांगत आले. कुणाला नम्र करायला नव्हे. फळ्या पुरल्या नाहीत, एवढंच.

गणपतीत सर्वेश म्हणाला होता, "आई, तुझा आवाज जपून ठेवायचाय." आपल्यामागे मुलाला आपला आवाज हवाय — म्हणून नुसता आवाज द्यायचा तरी त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. त्यानं दिलेली वाक्यं तासभर वाचली. होडीचं तर न विचारताच सांगितलं. ते कुठे गेलं? डबी तर त्यांच्या आवाजात सर्वेशनं लिहिलेलंच बोलत होती.

"फुटलेली होडी, बुडालेला काका... सुट्टीला आलेल्या माणसाला हे कशाला गं?" सर्वेश काल म्हणाला. "लोकांना छानसं काहीतरी लागतं. रिव्ह्यू बघ ना, झकास येतायत!"

"अरे, पण मी हे कधी बोललेच नाही!"

"आवाज तुझाच आहे ना?"

आवाज माझा, म्हणून खोटंही माझंच? कुणी चार घरं सोडून काही बोललं असतं, तर जाऊन जाब विचारला असता. इथे जाब विचारायचा तर माझ्याच तोंडाला!

पदराला हात पुसत त्या तरातरा बाहेर आल्या. "ते खोटं आहे. हे दार तसं नाही."

"अय्या, काकू!" मधुवंती हरखून डबीकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमचा आवाज अगदी हिच्यासारखा आहे!"

हिच्यासारखा.

"नाही, सांगा ना, मग कसं आहे दार?" मधुवंतीनं बॅग खाली ठेवली, रेकॉर्ड करायला मोबाइल बाहेर काढला.

विमलाबाईंनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चाळीस वर्षं तेच, त्याच जागी थांबणारं, 'परत आले नाहीत' म्हणताना तेवढाच खाली येणारा आवाज... इतकं तयार? त्या डबीसारखं? त्यांचा हात चौकटीवर गेला. बोट एका भोकात अडकलं. सासरे जाता-येता असाच हात लावायचे. आणि कुणी विचारलं, तर काही म्हणजे काही बोलायचे नाहीत.

"काकू?"

डबीवर निळा ठिपका लागला होता. विमलाबाईंनी ओठ मिटून घेतले.