बोनेटवरची पणती

गोरक्ष मिस्त्रीने गंजलेल्या बोल्टवर रॉकेल ओतलं आणि पान्यावर हातोडीचे दोन घाव घातले. बोल्ट हलला नाही. तिसऱ्या घावाला बोनेटखालून दोन चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"वहिनी, आत संसार मांडलाय यांनी. भाडं घेता का नाय?"

सुलाबाई हसली नाही. ती ओट्याच्या पायरीशी उभी होती आणि तिचं लक्ष आग्रा रोडकडून येणाऱ्या गाडीवाटेवर होतं. तिचा नवरा कोंडाजी नामपूरला पुतणीच्या सोयरिकीसाठी गेला होता. उद्या दुपारच्या एसटीने येणार होता. गोरक्ष मिस्त्री नाशिकहून शेजारच्या पुंजाचं इंजिन बघायला आला होता. बांधावरून तिने त्याला नुसता हात हलवून बोलावलं होतं.

"एवढंच सांगा, चालू होईल का? दसऱ्याच्या आत?"

"खोलल्याशिवाय कसं सांगू? नाडी तरी बघू द्या."

आतून सासूचा आवाज आला. यशोदाबाई ऐंशीला टेकली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नसे, कान मात्र शाबूत होते.

"कोण ठोकतंय गं?"

"मिस्त्री हाय, आत्या. ट्रॅक्टर बघतोय."

"कोंडाजीला इचारलं का?"

"इचारीन."

ट्रॅक्टर आला तेव्हा चांदवडपासून इथपर्यंत लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते. लालभडक रंग, आरशासारखं बोनेट. सासरा तेव्हा हयात होता. त्याने सुनेला हाक मारून आधी तिच्या हातचं कुंकू लावायला सांगितलं होतं, कारण ती लक्ष्मीच्या पावलांनी घरात आली असं तो म्हणे. पुढे दर दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा तिनेच करायची असा रिवाज पडला. झेंडूची माळ, नारळ आणि बोनेटच्या नाकावर एक पणती.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला ट्रॅक्टर जळाला. त्याचा मागचा अर्धा भाग उसाच्या पाचटाच्या छपराखाली होता आणि पुढचा पूजेसाठी अंगणात काढलेला. सगळे सोनं वाटायला मारुतीच्या देवळाकडे गेले होते. सुलाबाई एकटी घरी होती. धूर दिसला तेव्हा ती गाय-वासरू सोडवायला छपरात शिरली. दावं सुटता सुटत नव्हतं. तिच्या डाव्या तळहाताची कातडी त्या दिवसापासून वेगळीच झाली; पीठ मळताना अजून ताण बसे. गाय काही वाचली नाही.

लोक पळत आले, कोंडाजी सगळ्यांच्या पुढे. कुणी काही विचारण्याआधीच तो म्हणाला होता, "पणती हिनं ठेवली व्हती."

वाऱ्याने ज्योत छपराला लागली असेल, असं मग सगळेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईने देव्हाऱ्याच्या कोनाड्यातली काडीपेटी उचलली आणि आपल्या कनवटीला लावली. "हिच्या हातची ज्योत देवापुढं नको." याला आता नऊ वर्षं झाली होती. चुलीत जाळ घालायला सुलाबाईचेच हात चालत, देवापुढच्या दिव्याला चालत नसत. तिन्हीसांजेला म्हातारी चाचपडत देव्हाऱ्याशी जाई, तिच्या थरथरत्या हातात दोन-तीन काड्या मोडत, आणि सुलाबाई तीन हात अंतरावर बसून ते पाहत राही.

जळका ट्रॅक्टर मात्र तिथेच उभा राहिला. त्याच्यावर वेल चढले, कोंबड्या बसल्या. दुरुस्तीचं कुणी काढलं की कोंडाजी म्हणे, "मेलेलं मढं हाय ते, त्याला काय दुरुस्त करायचं!" एकदा भंगारवाला आला, इथंच तोडून नेतो म्हणाला, तर त्यालाही कोंडाजीने हाकलून दिलं. बापाची आठवण आहे म्हणाला. सुलाबाईला येता-जाता ते काळं धूड दिसे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे पाही आणि मग तिच्याकडे पाही.

बोनेट शेवटी कुरकुरत उघडलं. मिस्त्री बराच वेळ आत डोकावला, कुठे बोट घालून पाहिलं, कुठे ठोकून ऐकलं.

"इंजिन चांगलं हाय, वहिनी. लय दणकट माल. टायर, रेडिएटर, सगळी वायरिंग नवी घालावी लागंल. पण दसऱ्याला हा आळीतून फिरंल, माझा शब्द."

सुलाबाईने पदराने तोंड पुसलं.

"आग कशानं लागली व्हती?"

तिने तळहात पदरात झाकून घेतला. "मी पणती ठेवली व्हती. तिथं, नाकावर."

मिस्त्रीने रॉकेलचं फडकं घेतलं आणि तिने दाखवलेली जागा घासायला सुरुवात केली. नऊ वर्षांची काजळी, कोंबड्यांची घाण, धूळ. फडकं काळं होत गेलं आणि खालून हळूहळू लाल रंग वर आला. आरशासारखा नव्हता, पण लालच होता. त्यात पणतीच्या बुडाएवढा तेलाचा गोल डागही होता.

"इथं जळालंय कुठं?" मिस्त्री म्हणाला. "इथं नुसता धूर बसलाय. जळालंय ते तिकडं." तो चालकाच्या जागेजवळ गेला. तिथल्या पत्र्याचा रंग जळून गेला होता आणि तो वाकला होता. "आग आतून लागली, वहिनी. वायरिंगमधून. ट्रॅक्टरचे दिवे लावून ठेवले व्हते का त्या दिवशी?"

"व्हते. आळीला दिसावे म्हणून यांनी लावले व्हते पूजेच्या वेळी."

"मग झालं तर."

सुलाबाई पुढे झाली आणि तिने त्या लाल जागेवर बोट ठेवलं. नऊ वर्षांत कुणी ती पुसून पाहिली नव्हती. तिनेसुद्धा नाही.

मिस्त्री आता वाकलेल्या पत्र्याशी झटत होता. "हे बघा. कुणीतरी आधीच उचकटायला बघितलंय हे. स्क्रू-ड्रायव्हरच्या खुणा हायत, जुन्या, गंजलेल्या. जमलं नाय वाटतं त्याला." त्याने छिन्नी लावली, दोन घाव घातले, पत्रा निघाला. आत हात घालून त्याने काहीतरी ओढून काढलं आणि मोठ्याने हसला.

"घ्या! फ्यूजच्या जागी ही तार! जाडजूड, विहिरीवरच्या मोटारीची. फ्यूज उडायचा म्हणून कुणा शहाण्यानं ही बसवली. मग वायर तापणार न्हाय तर काय थंड ऱ्हाणार?"

त्याने तार तिच्या हातावर ठेवली. काळी पडलेली, बोटभर लांब. दोन्ही टोकांना तीन-तीन पीळ, आणि शेवट आत वळवून दाबलेला, हाताला टोचू नये म्हणून.

तिने पायरीकडे पाहिलं. पायरीवरच्या बादलीची कडी तारेने बांधलेली होती. तीन पीळ, टोक आत. बाजेची तुटलेली पट्टी, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, तिच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा. या घरात जे जे मोडलं ते असंच बांधलेलं होतं, एकाच हाताने.

"कुणी बांधलं व्हतं हे?" मिस्त्रीने विचारलं.

"कोण चालवत व्हतं ट्रॅक्टर?" असं विचारलं असतं तरी उत्तर तेच होतं. तिने मूठ मिटली.

गाडीवाटेवर चपला वाजल्या. कोंडाजी एक दिवस आधीच आला होता. हातात पिशवी, टोपी घामाने भिजलेली. त्याने उघडं बोनेट पाहिलं, मग काढून ठेवलेला पत्रा.

"कुणी सांगितलं खोलायला?"

"मी," सुलाबाई म्हणाली.

कोंडाजीचं लक्ष तिच्या मुठीकडे गेलं. मूठ बंद होती, पण तारेचं एक टोक बाहेर आलेलं होतं. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग परत पहिल्या.

"दादा, चालू होईल हा," मिस्त्री म्हणाला. "दसऱ्याच्या आत. तुम्ही फक्त हो म्हणा."

"करा," कोंडाजी चटकन म्हणाला. "करून टाका. उद्याच काम धरा. किती दिवस असं ठेवायचं? दसऱ्याला पूजा..." तो थांबला. "पूजा हीच करील. पहिल्यासारखी."

नऊ वर्षं तिने हेच ऐकायची वाट पाहिली होती.

"नको," ती म्हणाली.

"अगं, आता तू बोलावलंस ना त्याला?"

"बोलावलं व्हतं. आता नको. दिसू द्या हाय तसाच. मिस्त्री, तुम्ही हात धुवा, च्या ठेवते. ते बोनेट लावून टाका परत."

मिस्त्रीने दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि बोल्ट गोळा करू लागला.

कोंडाजी तिच्या मागोमाग पायरी चढला. त्याचा आवाज खाली आला होता.

"आईला सांगू नको."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हीच सांगितलं व्हतं. आता काय सांगायचं तेबी तुम्हीच बघा."

चहा पिऊन मिस्त्री गेला. ऊन उतरलं. कोंडाजी विहिरीवर जाऊन आला, गुरांना वैरण टाकली, उगाच खुराड्याचं दार उघडून परत लावलं. मग घरात आला आणि टोपी अडकवायला हात वर केला. खुंटीवर तार टांगलेली होती.

तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"कोंडाजी, आलास का रे?" देव्हाऱ्यापाशी बसलेल्या यशोदाबाईने पावलं ओळखली होती. तिने कनवटीची काडीपेटी काढली. "आज हात लयच कापतोय. तूच लाव दिवा."

चुलीपाशी सुलाबाई भाकरी थापत होती. तिने वळून पाहिलं नाही. काडी ओढल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही.

"लागला का रे?" म्हातारीने विचारलं. "मला दिसत नाय."

सुलाबाईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि चुलीत जाळ पुढे सारला.