चढावरचे पाच थांबे

त्या दिवशी लोहारणीनं तिसरं पातेलं जाळलं आणि खापर नवऱ्याच्या डोक्यावर फोडलं.

"तुमच्यापायी जळलं. दोन महिन्यांत तीन झाली. त्यातलं एक माझ्या आईनं दिलेलं होतं!"

"मी भट्टीवर, पातेलं चुलीवर. माझा काय संबंध?" लोहार दाराला टेकूनच बोलला.

मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मी सुतार. आमची दुकानं खाली उताराला एकमेकांना लागून आणि घरं वर टेकाडावर, तीही लागूनच. नांगराचं लाकूड मी घडवायचं, फाळ त्यानं. त्यामुळं त्या घरात भांडण लागलं की न्यायनिवाडा माझ्याकडं.

लोहारणीचं गणित साधं होतं. खाली घणाचा आवाज थांबला की वर ती चहाचं आधण ठेवायची. उकळी फुटायच्या आत नवरा दारात. तीस वर्षांत हे गणित चुकलं नव्हतं. आता मात्र उकळी फुटायची, पाणी आटायचं, बूड काळं पडायचं, तरी नवऱ्याचा पत्ता नाही.

"वाटेत माणसं भेटतात," लोहार म्हणाला.

"तुम्हाला? माणसं? तीस वर्षांत कुणाला 'कसा आहेस' म्हणून विचारलं नाहीत!"

तेही खरंच होतं. लोहाराचं बोलणं म्हणजे तापल्या लोखंडावरचं पाणी, एकदा चुर्र झालं की संपलं. पण हल्ली तो चढावरच्या दारादारांत थांबून विचारपूस करायचा. लोक खूश होते. कुणी म्हणे, वयानं शहाणपण आलं. कुणी म्हणे, निवडणूक जवळ आलीय, लोहार उभा राहतोय. ही बातमी आमच्या पुढाऱ्याच्या कानावर गेली आणि त्याचं जेवण कमी झालं.

लोहारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, हे माणसांत रमणारं माणूस नव्हे. झोपताना तीन उशा लागतात. आडवं पडलं की उठून बसतात. चपलेचा पट्टा पायात रुततो. उद्या जरा मागून या ना त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वीस पावलं मागं राहून चढलो. पहिला थांबा शिंप्याचा. लोहारानं भिंतीला हात लावला आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. दुसरा थांबा मास्तरांचा, त्यांच्या पेन्शनीच्या अर्जाचं काय झालं ते विचारलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, गडी असाच प्रश्न विचारतोय की ज्याच्या उत्तराला लांब शेपूट असावं. तिसऱ्या दारात कोंबड्यावाली म्हातारी. तिला त्यानं फक्त एवढंच विचारलं, "सून काय म्हणते?" झालं! पाव तासाची निश्चिंती. म्हातारी बोलत होती, हा मान हलवत होता आणि त्याचे ओठ जांभळे पडले होते. पुढं आणखी दोन दारं. पाच थांबे!

शेवटच्या वळणावर मी त्याला गाठलं.

"काय होतंय?"

"काही नाही. छातीवर ऐरण ठेवल्यासारखं वाटतं. थांबलं की जातं."

"चक्कर?"

"परवा घण मारताना डोळ्यापुढं अंधारलं. ऊन लागलं असेल."

"छपराखाली?"

"सुतारा, घरी बोललास तर तुझ्या वाकसाला कधी धार लावून देणार नाही!"

मी घरी बोललो. वाकसापेक्षा मित्र महाग.

लोहारणीनं भांडणाची तयारी केली होती, पण ती वेळच आली नाही. सकाळी पुढारी जीप घेऊन थेट भट्टीवर आला.

"काय लोहारभाऊ, उभं राहताय म्हणे?"

"उभं राहायला जमतंय कुठं? चार घाव घातले की बसावं लागतं," असं म्हणून लोहारानं घण उचलला, आणि खरोखरच खाली बसला. घण एकीकडं, तो एकीकडं. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडले आणि पहिला शब्द काय, तर "फाळ थंड झाला."

जीप दारात होतीच. लोहारणीला वाटेत उचललं आणि तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण कानाला नळी लावून तिनं बराच वेळ त्याची छाती ऐकली. मग यंत्रावर हृदय बघितलं आणि आम्हाला समोर बसवलं.

"हृदयाच्या झडपेचं तोंड आकसलंय. रक्त बाहेर पडायला वाट नाही. चढावर दम, छातीवर दाब, काम करताना चक्कर. किती दिवस चाललंय हे?"

"वय झालं की होतंच तसं," लोहार म्हणाला.

"वयामुळं नव्हे, झडपेमुळं. वयावर ढकललं म्हणून तर इतका उशीर झाला."

"मग गोळी द्या."

"गोळीनं पायाची सूज उतरेल, झडप उघडणार नाही. ती बदलावी लागेल."

"बदलू की. पेरणी होऊ द्या. गावाचे फाळ पडलेत माझ्याकडं. दोन महिन्यांनी येतो."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "काका, त्रास नसता तर मीही लक्ष ठेवून थांबले असते. त्रास सुरू झाल्यावर थांबायचं नसतं. पुढची पेरणी तुम्ही बघाल, असं मी लिहून देऊ शकत नाही."

लोहारीण पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत नुसती बसली होती.

मग मीच तोंड उघडलं. "तीन वर्षांपूर्वी ऐन पेरणीत तुझ्या भात्याची झडप फाटली. बाहेर दहा शेतकरी उभे. 'आजचा दिवस चालव,' म्हणाले. तू काय म्हणालास?"

लोहार चपलेचा पट्टा सैल करायला वाकला.

"म्हणालास, 'भाता मेला तर भट्टी मेली. घाई असेल तर तोंडानं फुंका.' त्याच दिवशी भट्टी विझवून नवं कातडं लावलंस. मग आता फुंक की तोंडानं!"

"हे बरोबर बोलले," पुढारी मागून पुढं सरकला. "आजच भरती व्हा. आणि नंतर चांगली तीन महिने विश्रांती! गावाच्या कुठल्याही भानगडीत पडायचं नाही." निवडणूक दीड महिन्यावर होती.

लोहारानं बायकोकडं बघितलं. "तू का बोलत नाहीस?"

"मी काय बोलू? पातेली बोलत होती की दोन महिने."

तो भरती झाला.

गावात कुरकुर झालीच. एक शेतकरी लोहारणीला म्हणाला, "वहिनी, पंधरा दिवस थांबले असते तर आमचे फाळ झाले असते." ती म्हणाली, "फाळ शेजारच्या गावात मिळतो. हा नग मला कुठं मिळणार? मिळाला असता तर कधीच बदलला असता!" शेतकरी फाळ उचलून शेजारच्या गावी गेला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, त्या दिवशी तीच बाई बाकावर पाच तास बसून होती. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

नवी झडप बसली. पुढारी बिनविरोध निवडून आला. डॉक्टरीणबाईनं परवानगी दिल्यावर लोहार भट्टीवर परतला, आधी बारीकसारीक कामाला, मग घणाला.

पुन्हा घण धरला त्या संध्याकाळी आवाज थांबला आणि आम्ही दोघं चढाला लागलो. शिंपी गुडघा चोळत तयार होता. लोहार सरळ पुढं. मास्तर अर्जाची फाईल घेऊन बाहेर आले. हा पुढं. म्हातारी तर तीन महिन्यांचा साठा करून दारातच उभी होती.

"अरे ए लोहारा! सुनेचं विचारणार कोण?"

"नंतर, म्हातारे!"

"बघा! ऑपरेशननं चांगला माणूस वाया गेला!" ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. मी मात्र तिच्या ओट्यावर दम खात बसलो. तपासून घ्यायला हवं, असं मनात आलं, आणि दुसऱ्या दिवशी गेलोही. माझ्या दमामागं नुसती बिडी निघाली.

मी वर पोचलो तेव्हा लोहार दारात उभा होता. आधण आताच ठेवलेलं, पाणी अजून कोमटही नव्हतं. लोहारीण त्याच्याकडं बघत राहिली, मग चुलीकडं वळून डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या. धूर नव्हता.

"उकळायला वेळ आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग जरा खाली जाऊन येतो."

"आता कुठं?"

"म्हातारीच्या सुनेचं अर्धंच ऐकलं होतं. पुढं काय झालं, ते राहून गेलं."

त्या दिवशी चौथं पातेलं जळलं. लोहारीण काही बोलली नाही.