नाव लावण्याचा हक्क

"एकच राहिली," संगणकाच्या घड्याळाचा कोड लिहिणारा 'घड्याळवाला' म्हणाला. "हजारो चाचण्या पास, एक नापास. तेवढ्या एकीपुरती संस्थेकडे सवलत मागून टाकू."

"कसली नापास?"

"झोपेची. प्रोग्रॅमला सांगितलं, एक सेकंद झोप. तो केसभर आधी उठतो."

"नियम काय म्हणतो?"

"उशिरा उठलेलं चालेल, लवकर उठलेलं नाही."

"माझ्या मुलानंच लिहिलेला दिसतोय." तिने खुर्ची पुढे ओढली. "सवलत मागायची नाही."

चाचणी विभागातल्या या बाईंना सगळे 'शंकेखोर' म्हणत. स्वतःच्या पदनामापेक्षा तिला ते अधिक अचूक वाटे. बाजारातल्या बड्या कंपन्यांनी युनिक्सचा मूळ कोड घेऊन, त्यात आपापली भर घालून, निरनिराळ्या नावांनी संगणकप्रणाली विकल्या होत्या. या कंपनीने मात्र सारे कोऱ्या पाटीवर लिहिले. म्हणून खोक्यावर छापावे लागे: 'युनिक्ससारखी'. युनिक्स हे नाव लावण्याचा हक्क एक मानक संस्था देई, आणि तो चाचण्यांत उतरणाऱ्यालाच मिळे.

"परीक्षा देऊन का घराणं मिळतं?" दारातून काकांनी टोला हाणला. आता विक्री विभागात असलेले काका पूर्वी एका बुडालेल्या कंपनीचे युनिक्स लिहीत. "आमच्यात मूळच्या ओळी होत्या. तुमच्यात आहे एक तरी?"

"एकही नाही, काका. त्यामुळे चूक आजोबांवर ढकलता येत नाही." ती घड्याळवाल्याकडे वळली. "सेकंद मोजतोस कसा?"

"संगणकाच्या घड्याळाचे सेकंदाला शंभर ठोके. शंभर पडले की उठवतो."

"आणि झोपायचा हुकूम दोन ठोक्यांच्या मधेच आला तर?"

घड्याळवाल्याने आपला कोड पुन्हा वाचला. उरलेला अर्धामुर्धा ठोका तो पूर्ण धरत होता.

"एक जास्त मोज," ती म्हणाली.

दुरुस्ती एका ओळीची होती. तरी तिने सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घ्यायला लावल्या. एक भोक बुजवताना दुसरे पडत नाही, हे गृहीत धरायला तिच्याकडे पुरावा नव्हता. या वेळी नापास एकही नव्हती.

काही आठवड्यांनी संस्थेचे पत्र आले. नाव मिळाले होते. घड्याळवाला टेबलावर चढून मुजरे करू लागला. छपाईवाल्याला फोन गेला, 'सारखी' काढा. तिने पत्र दोनदा वाचले, चूक सापडली नाही, आणि मग ती मोकळेपणाने हसली.

सगळे चहाला गेल्यावर काका आत आले.

"आमची ती प्रणाली, कंपनी बुडाल्यापासून माझ्या कपाटात पडून आहे," ते म्हणाले. "तिला परीक्षेला कधी बसवलंच नाही. वाटायचं, आपल्याला काय गरज?"

"उद्या घेऊन या. नाव आता मिळणार नाही, अर्ज करायला कंपनीच उरली नाही. पण किती पाण्यात आहे ते कळेल. सवलत मात्र नाही."

"मागितली कुणी?"

काकांनी बाह्या दुमडल्या, घड्याळवाल्याच्या रिकाम्या खुर्चीत ते ताठ बसले आणि नियमांचे पहिले पान उघडून वाचू लागले.