आदली संध्याकाळ

बाणेरच्या त्या कंपनीत कोड लिहिणं गावठीपणाचं मानलं जाई. तिथे चित्रं काढत. चौकोन, त्यातून बाण, बाणाच्या टोकाला दुसरा चौकोन. चित्र पुरं झालं की बटण दाबायचं, आणि सगळा कोड आपोआप तयार व्हायचा. त्या कोडला हात लावायचा नाही, हा नियम. मूर्तीला स्पर्श करू नये अशी पाटी देवळात असते, तशी तिथे भिंतीवर होती.

चित्रं काढायचा प्रज्ञेश. हुद्दा आर्किटेक्ट. रंगनाथशेठ यांची सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या आसपास चार मंगल कार्यालयं होती. त्यांच्या बुकिंगचं चित्र त्यानेच काढलं. एक चौकोन हॉलचा, एक ग्राहकाचा, एक तारखेचा. एका तारखेला एका हॉलमध्ये एक लग्न. देखणं चित्र होतं. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या शबनमने ते पाहिलं आणि विचारलं, "सर, आदली संध्याकाळ कुठंय?"

"कसली संध्याकाळ?"

"सीमांतपूजनाची. नवऱ्याकडची माणसं आदल्या संध्याकाळीच उतरतात. अकरा तारखेचं लग्न दहाच्या संध्याकाळी सुरू होतं. त्याच वेळी दहाच्या लग्नाचं रिसेप्शन चालू असलं तर?"

"तुला गं सीमांतपूजन कसं माहीत?"

"पुण्यात जन्मले, सर. शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं जेवलेय."

प्रज्ञेशने चित्राकडे मायेने पाहिलं. "दीड दिवसाची तारीख आपल्या टूलमध्ये नसते. आणि क्लायंटने चित्रावर सही केलीय."

सही केली होती हे खरं. रंगनाथशेठ त्या चित्राला पार्किंगचा नकाशा समजले होते.

"मग काय करू?"

"बघ काहीतरी."

"कोडमध्ये?"

"मी असं म्हटलेलं नाही."

शबनमने काही ओळी हाताने कोडमध्ये घातल्या. रिसेप्शन असलेल्या रात्रीच्या पाठोपाठचं लग्न कॉम्प्युटर घेईनासा झाला. पण प्रज्ञेशने चित्रातला एखादा बाण जरा सरळ केला की पुन्हा बटण दाबलं जाई, नवा कोरा कोड येई आणि तिच्या ओळी पुसल्या जात. ती त्या पुन्हा घाली. प्रज्ञेश नेटकेपणाचा भोक्ता असल्याने हे फार वेळा होई. दोन लग्नसराया अशा निभावल्या. एका वरातीवर दुसरी वरात आदळली नाही. कौतुक चित्राचं झालं.

कौतुक वाढत वाढत कंपनीच्या संचालक ऋतुजा मॅडम यांच्यापर्यंत गेलं. त्यांना साधा प्रश्न पडला: चित्रच सगळं करतं, तर मग ही माणसं कशाला? पहिलं नाव शबनमचं निघालं.

तिच्या पगाराच्या भरवशावर तिच्या अब्बांनी, दादामियाँनी, भवानी पेठेतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडून दिलं होतं. तीच मागे लागली होती, आता डोळे फोडू नका म्हणून. त्यामुळे मीटिंगमध्ये ती बोलली.

"मॅडम, आदली संध्याकाळ चित्रात नाहीये. ती दर वेळी मी हाताने घालते."

ऋतुजा मॅडमनी प्रज्ञेशकडे पाहिलं. प्रज्ञेशने छताकडे. "मी तसं सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे तू नियम मोडलास, शबनम?"

"मोडला नसता तर लग्नं मोडली असती."

"इथे विनोद नकोत."

गप्प बसली असती तर काम उरलं नाही म्हणून घरी गेली असती. बोलली तर नियम मोडला म्हणून गेली. निवडीचं स्वातंत्र्य तिला पूर्ण होतं.

प्रज्ञेशने सर्वांसमक्ष बटण दाबलं. तिच्या ओळी गेल्या. "बघा, व्यवस्थित चालतंय." चालतच होतं. चातुर्मास होता, लग्नंच नव्हती. न लागणाऱ्या लग्नांना कुठलंही चित्र पुरतं.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात लोणीच्या कार्यालयात एक जोडपं स्टेजवर आहेर घेत असताना दुसरा नवरदेव बँडसकट दारात उभा राहिला. नवरीच्या मामांनी बँडवाल्याची टोपी उडवली, मग दोन्हीकडचे मामा एकमेकांत मिसळले. रंगनाथशेठनी तिथूनच प्रज्ञेशला फोन लावला.

"साहेब, तुमच्या चित्रात संध्याकाळ हाय का न्हाय?"

"दिवस आहे ना, शेठ. संध्याकाळ दिवसातच येते."

"कुठल्या दिवसात, ते इथं येऊन सांगा. जेवूनच जा, दोन्हीकडचं."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेशचा शबनमला फोन आला. आवाज एकदम घरगुती.

"कशी आहेस? अगं, त्या तुझ्या ओळींची कॉपी असेल ना?"

"लॅपटॉप जमा केला, सर. पर्ससुद्धा तपासून घेतलीत."

"आठवत असतील पण."

"तोंडपाठ आहेत. येऊन लिहून देते. मला परत घ्या, एवढंच."

"हाताने लिहिणार?"

"दुसरं काही वापरता येत नाही तिथे."

"मॅडमशी बोलतो. बहुतेक होईल. तू तयारीत राहा."

ती तयारीत राहिली. दादामियाँ रोज संध्याकाळी नुसतं तिच्या फोनकडे पाहत. आठवडा गेल्यावर तिनेच फोन केला.

"अगं हो, सांगायचंच राहिलं," प्रज्ञेश म्हणाला. "प्रश्न सुटला. शेठनी चारही कार्यालयांत बोर्ड लावलाय, सीमांतपूजन यापुढे लग्नाच्याच दिवशी, सकाळी सातला. सुरुवातीला लोक ओरडले. पण मुहूर्त धरलेले, दुसरं कार्यालय मिळतंय कुठे? करतात निमूट."

"आणि चित्र?"

"चित्र बरोबरच होतं."

तिने फोन ठेवला. दादामियाँनी विचारलं, "क्या बोले?"

"चित्र बरोबर होतं म्हणाले."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. तिथे एखादा माणूस हवा आहे का ते विचारून येतो म्हणाले, आणि खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.