राजाची हनुवटी

गंगापूर धरणाकडे नवं हॉटेल काढलेल्या मयुरेशने मालिनीताईंना एका जुन्या चित्राची नक्कल करायला सांगितली होती. चित्र स्पेनच्या कोवळ्या राजाचं, दुसऱ्या कार्लोसचं. चार वर्षांचाही नसताना गादीवर बसलेला पोर. अंगात काळा पोशाख, खांद्यावर रुळणारे फिके केस, आणि खालचा जबडा एवढा पुढे आलेला की बिचाऱ्याला घास नीट चावता येत नसे.

मालिनीताईंनी महिनाभर खपून तो जसाच्या तसा उतरवला. पाठवलेला फोटो पाहून मयुरेशचा फोन आला, "मॅडम, हनुवटी तेवढी आत घ्या ना. लोक तिथे जेवायला बसणार."

त्यांनी अर्ध्या तासात ती आत घेतली. राजा एकदम देखणा दिसू लागला.

संध्याकाळी त्यांची मुलगी ओवी कॉलेजातून आली आणि घरात शिरल्यावरच तिने मास्क काढला. करोना जाऊन किती दिवस झाले, तरी तिचा मास्क सुटला नव्हता. तिचाही जबडा पुढे होता, वडिलांच्या वळणावर. शस्त्रक्रियेसाठी ती वर्षभर मागे लागली होती आणि "तू आहेस तशीच गोड आहेस," म्हणून मालिनीताई विषय मिटवत होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांचा नवरा साध्या ऑपरेशनला गेला तो परत आलाच नाही. ती भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

ओवी चित्रापुढे थबकली. "याची बरी आत घेतलीस!"

"अगं, गिऱ्हाईकाला हवं होतं."

"मलाही हवंय, आई."

 दुसऱ्या दिवशी मालिनीताईंनी जबडा पुन्हा होता तसा रंगवला आणि ओवीला बोलावून दाखवला.

"त्याचं तूच ठरवलंस, दोन्ही वेळा," ओवी म्हणाली. "माझं तरी मला ठरवू दे."

मालिनीताई खाली बसल्या. "भीती वाटते गं. बाबांसारखं..."

"मलाही वाटते," ओवी शेजारी बसत म्हणाली.

जबडा पुन्हा पुढे आलेला पाहून मयुरेशने चित्र नाकारलं. त्याच आठवड्यात दोघी डॉक्टरांकडे गेल्या. हाड कुठे कापणार ते डॉक्टरांनी कवटीच्या नमुन्यावर दाखवलं, तेव्हा मालिनीताईंनी मान फिरवली. ओवी टक लावून पाहत राहिली. नातेवाइकाच्या सहीचा कागद मालिनीताईंनी दोनदा वाचला. एकही शब्द डोक्यात शिरला नाही, तरी सही केली.

बाहेर पडल्यावर ओवीने त्यांचा हात धरला. तिचा तळवा घामाने ओला झाला होता.