पंचफुलाबाईंचा माईक

सोनपेठचे किशनराव एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले त्याला तीन वर्षं झाली होती, पण त्यांचा हात अजून घंटीच्या दोरीवरच होता. चहा संपला की ते कप दोनदा टणटण वाजवायचे आणि घरात कुणी आडवं आलं की "पुढे सरका" म्हणायचे. आवाज किनरा. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, त्यामुळे त्यांना त्याचा भारी अभिमान होता.

त्यांच्या बायकोचं, पंचफुलाबाईंचं, उलट होतं. आवाज जाड आणि भरदार. महिला भजनी मंडळात भारूड म्हणायचा मान आठ वर्षं त्यांच्याकडे होता आणि भारूडंही त्या स्वतःच रचायच्या. पण दसऱ्यानंतर जिंतूरला स्पर्धा झाली, तिथे त्यांच्या नव्या भारुडाला एकही माणूस हसला नाही. माईकमधून नुसता घुमारा बाहेर पडत होता, शब्द कुणाला कळतील तर शपथ. किशनरावांनाही कळले नव्हते. टाळ्या मात्र त्यांनी सगळ्यांच्या आधी वाजवल्या होत्या.

मंडळाच्या प्रमुख प्रमोदिनीताई घरी येऊन म्हणाल्या, "पंचफुलाबाई, सप्त्यात काल्याच्या दिवशी एकदा बघू. शब्द कळले तर कायम तुमीच म्हणा. न्हाईतर अर्पिता म्हणंल, तुमी टाळ धरा."

"टाळ काय वाईट हाय का," पंचफुलाबाई हसून म्हणाल्या. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. आपल्या बायकोने मागच्या रांगेत उभं राहून टाळ कुटायचे, हे काही किशनरावांना बघवणार नव्हतं.

"देवळातला माईक भंगार हाय," त्यांनी जाहीर केलं. "तुला सोताचा माईक आणतो."

दुसऱ्याच दिवशी ते परभणीला गेले. तिथे पंडित नावाच्या माणसाचं साउंडचं दुकान होतं. दोन हजारांच्या आतले चार माईक पंडितने काउंटरवर मांडले. लोक माईक बघताना "हॅलो हॅलो" करतात. किशनरावांनी घसा साफ करून आरोळी दिली, "चला, गंगाखेड, परभणी, जिंतूर! देवगाव फाटावाले दाराशी या!" तिसऱ्या माईकवर ती आरोळी अशी काही घुमली की ते स्वतःच चमकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा झाला होता. त्यांनी आणखी दोन वेळा गाडी सोडली आणि तोच माईक घेतला.

देवळात जोडून बघितला, तेव्हा सगळ्या थांब्यांची नावं घेऊन झाल्यावरच त्यांनी माईक बायकोच्या हातात दिला. पंचफुलाबाईंनी तोंड उघडलं आणि सभामंडप दणाणला. शब्दांचा पार चिखल झाला. जिंतूरला निदान एखादा तरी शब्द सुटा ऐकू आला होता.

"कसं वाटायलंय?" त्यांनी विचारलं.

किशनराव वायर गुंडाळायला लागले. पंचफुलाबाईंनी माईक पुसून खोक्यात ठेवला. "तुमच्यासाठी लय चांगला हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी घ्यायचा असंल, तर उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी पंडितने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काका, गाणार कोण?"

"ही."

"मग काल बोललात तुमी कशाला? या माईकात खर्ज आधीच भरलेला हाय. तुमच्या पातळ आवाजाला त्यानं अंग येतं. बाईंचा आवाज मुळातच भरलेला. भरल्या पोत्यात अजून कापूस कोंबला तर पोतं उसवंल का न्हाई?"

"पण ही बाजारात कशी गाईल?" किशनराव म्हणाले. मग लगेच त्यांनी चौथा माईक उचलून गंगाखेडची गाडी सोडली. आवाज पत्र्यावर खडा पडल्यासारखा आला. "ह्यॅ! हा तर फालतू हाय."

पंडितने हात जोडले. "काका, एक मेहरबानी करा. समोर चहा लय बेश मिळतो. दोन कप पिऊन या."

किशनराव बाहेर गेले. काचेतून त्यांना दिसत होतं. पंचफुलाबाईंनी आधी पदर सावरला, दोन्ही हातांनी माईक धरला आणि तो तोंडापासून हातभर लांब नेला. मंडळात चौघींत एकच माईक असायचा, त्यामुळे लांबूनच गायची सवय लागली होती. पंडितने तो चार बोटांवर आणला आणि जाळीवरचा हात काढून खाली दांड्यावर ठेवला. लय जवळ नेला की खर्ज वाढतो आणि लांब नेला की शब्द हवेत जातात, असं काहीतरी तो समजावत असावा. मग त्या गाऊ लागल्या. एक माईक झाला, दुसरा झाला. चौथ्या माईकवर पंडित एकदम खो खो हसत सुटला. डोळे पुसत त्याने बाहेर किशनरावांकडे पाहिलं आणि पुन्हा हसला. सौदा पटला वाटतं, म्हणून किशनरावही हसले.

आधीचा परत देऊन घेतला तो चौथाच, त्यांना फालतू वाटलेला. "तुमी म्हणता तर ठीक हाय," ते कुरकुरले. परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "पण हे भारूड हाय कशावर?"

"संसारावर," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

काल्याच्या दिवशी दुपारी महाप्रसाद आटोपला आणि मांडव भरला. किशनरावांना घरून दोन कामं मिळाली होती. एक, साउंडवाल्याला इको लावू द्यायचा नाही, म्हणजे शब्द घुमणार नाहीत. सवयीने त्याचा हात त्या बटणाकडे गेला, तसे किशनराव ओरडले, "हात काढा, गाडी थांबवीन!" दुसरं काम, सगळ्यात मागे उभं राहून शब्द नीट कळायला लागले की पांढरी दस्ती, म्हणजे खिशातला रुमाल, वर करायची. ती वर दिसेपर्यंत पंचफुलाबाईंना धीर येणार नव्हता.

मंडळातल्या बायका त्यांच्याकडे बघून पदराआड हसत होत्या. आपली लोकप्रियता अजून टिकून आहे, असं किशनरावांना वाटलं. पुढे प्रमोदिनीताई कान टवकारून बसल्या. अर्पिता टाळ घेऊन मागे उभी होती. पंचफुलाबाईंनी माईक चार बोटांवर धरला.

"रिटायर झाला धनी माझा, घंटी काही सुटंना,
पुढे सरका, पुढे सरका, खुर्चीवरून उठंना!"

आवाज तोच, जाड आणि भरदार, पण आता एकेक शब्द निवडलेल्या ज्वारीसारखा स्वच्छ येत होता. मांडवात आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळेच. आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. किशनरावांचे कान तापले. दस्ती खिशातून अर्धी बाहेर आली होती, तिथेच अडकली. जिंतूरला याच भारुडाला त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या होत्या!

पंचफुलाबाईंची नजर मागच्या खांबापाशी होती. दस्ती दिसेना, तसा त्यांचा सूर जरासा कापला. तरी त्या पुढे गेल्या.

"तीस वर्षं गाडीत बसले, तक्रार कधी केली न्हाई,
गोड शब्द एक मागितला, म्हणतो सुट्टे न्हाई!"

मांडव पुन्हा हसला. किशनरावांना मात्र यावेळी हसू आलं नाही आणि रागही आला नाही. जिंतूरहून परत येताना ती गप्प बसली होती आणि आपण गाडीतल्या कंडक्टरशी डेपोच्या गप्पा मारत होतो, ते त्यांना आठवलं. तीस वर्षांत तिने काय मागितलं, तर हे एवढंच. तेही भर मांडवात, माईक लावून सांगावं लागलं तिला.

त्यांनी दस्ती बाहेर ओढली आणि हात होता तेवढा वर केला. लोक बघत होते, बघू देत. मग आपल्या किनऱ्या आवाजात, माईकबिईक काही नसताना, त्यांनी शेवटच्या सीटवरून थेट ड्रायव्हरपर्यंत पोचेल अशी आरोळी दिली, "शब्दन्‌शब्द कळायलाय गं! लय गोड म्हणायलीस!"

पंचफुलाबाईंनी ते ऐकलं. पदराने डोळे टिपले, हसल्या आणि पुढचं कडवं घेतलं.